सोलापुरात चित्रपटांचा वर्षभराचा कार्यक्रम लावायचा तर

जुने-नवे, देशी-परदेशी चित्रपट मोठ्या पडद्यावर, चार अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पाहायची सोय पुण्या-मुंबईत आहे. सोलापुरात ती हवी असेल तर आपणच उभी करायची. त्यासाठी स्वतःचं थिएटर, मोठा देणगीदार किंवा चित्रपटाचं शिक्षण यातलं काहीच सुरुवातीला लागत नाही. सात-आठ चिवट माणसं, नीट अंधार करता येईल असं एक सभागृह आणि विचार करून लावलेला कार्यक्रम एवढं पुरतं.

ज्यांनी असं काही आजवर केलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यात सगळ्यात जास्त जागा मी चित्रपट निवडण्याला आणि त्यांचा क्रम लावण्याला दिली आहे. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, खुर्च्या मिळतात. पहिल्या महिन्यात आलेला माणूस चौथ्या महिन्यात परत का येईल, याचं उत्तर मात्र कार्यक्रमातच असतं.

पायरी १ : आधी माणसं

हे शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा बोलतं. पूर्व भागात गेलात तर घराघरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. तुमच्या पहिल्या बैठकीला सगळे एकाच कॉलेजचे, एकाच गल्लीतले आणि एकाच भाषेतले असतील तर थांबा, अजून दोघं-तिघं शोधा. तेलुगू बोलणारं कुणीतरी हवंच, कन्नड साहित्य वाचणारं कुणीतरी हवं, एखादी शिक्षिका हवी, आणि नाटकवाल्यांपैकी एक तरी हवा. सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर काम केलेल्या माणसाला प्रकाश, आवाज आणि वेळेवर पडदा उघडणं या तीन गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात. असा एक माणूस मिळाला की निम्मं व्यवस्थापन सुटलं.

कामं लगेच वाटून घ्या. एकाने परवानग्या आणि पत्रव्यवहार, एकाने तांत्रिक बाजू, एकाने हिशोब, दोघांनी निवड. निवड दहा जणांच्या मतदानाने करू नका. मतदानात सगळ्यांना आधीच माहीत असलेला चित्रपट जिंकतो.

पायरी २ : कायद्याची बाजू

हा भाग रुक्ष आहे, पण टाळू नका. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर प्रदर्शनासाठी चित्रपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. त्याखेरीज ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची परवानगीही लागते. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन मंडळी हमखास त्यांची गल्लत करतात. घरी आपण पैसे भरून घेतलेलं ओटीटीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं. ते प्रोजेक्टरला जोडून शंभर माणसांना दाखवणं त्या करारात बसत नाही.

नवख्यांसाठी दोन सोपे मार्ग आहेत. पहिला कॉलेजचा. शिक्षणसंस्थेने आपल्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असले, तर १९५७ चा कॉपीराइट कायदा त्याला सूट देतो. तुमच्यापैकी कुणी संगमेश्वर, दयानंद, वालचंद अशा एखाद्या महाविद्यालयात शिकवत असेल तर पहिलं वर्ष तिथेच काढा.

दुसरा मार्ग नोंदणीकृत फिल्म सोसायटीचा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि आपल्याकडे हे काम धर्मादाय कार्यालयात होतं. नोंदणी झाली की फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न होता येतं. ही संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली आणि सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष होते. फेडरेशनमुळे इतर शहरांतल्या सोसायट्यांशी ओळखी होतात, चित्रपटांचे संच फिरत येतात. सोसायटीचे खेळ सभासदांसाठी असतात, म्हणून वार्षिक वर्गणी घ्या. दारात तिकीट विकायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

पायरी ३ : जागा, आणि आधी आवाज

हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृह ही नावं आधी सुचतील. सुरुवातीला ती मोठी पडतात. हजार खुर्च्यांत साठ माणसं विखुरली की प्रत्येकाला आपण एकटेच आलोय असं वाटतं. तेवढीच साठ माणसं ऐंशीच्या खोलीत बसली की सभागृह भरतं आणि हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जातं. ग्रंथालयाचा हॉल, कॉलेजचं दृक्‌श्राव्य दालन, एखाद्या समाजाचं छोटं सभागृह पाहा.

जागा पाहायला भर दुपारी जा. खिडक्या बंद करून अंधार किती होतो ते पाहा, मग मध्यभागी उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळी घुमत राहिली तर संवाद कळणार नाहीत. जाड पडदे किंवा जमिनीवर सतरंज्या टाकल्याने फरक पडतो, आणि जाड कापडाची आपल्या गावात वानवा नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात ती जागा सोडून द्या. खर्चाची ओढाताण असेल तर चित्रापेक्षा आवाजावर पैसे घाला. थोडं फिकट चित्र माणसं दहा मिनिटांत विसरतात, न कळणारा संवाद शेवटपर्यंत त्रास देतो. लग्नाच्या मांडवातले स्पीकर आणू नका, ते गाण्यासाठी असतात. पुटपुटलेलं वाक्य त्यांतून ऐकू येत नाही.

पायरी ४ : कार्यक्रम

आता खरं काम. जगातल्या उत्तम शंभर चित्रपटांची यादी उघडून वरून बारा उचलले तर तो कार्यक्रम होत नाही. आधीच्या महिन्यातल्या चित्रपटाने पुढच्या चित्रपटासाठी प्रेक्षकाचे डोळे तयार केले पाहिजेत. म्हणून मी नेहमी जोड्यांत विचार करतो : एक जुना, एक अलीकडचा, एक ओळखीचा, एक दूरचा. दोन्ही एकाच दिवशी दाखवायची गरज नाही. लागोपाठच्या महिन्यांत दाखवा, म्हणजे मधल्या चार आठवड्यांत लोक आपापसांत बोलतात.

आपल्या शहरापासून सुरू करा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. त्यांच्यावरचा व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ चा. शाळेत नाव घोकलेलं असतं, चित्रपट फार थोड्यांनी पाहिलेला असतो. १० ऑक्टोबर हा कोटणीसांचा जन्मदिवस. उद्घाटनाला याहून योग्य दिवस नाही. शांतारामांनी स्वतःच नायकाची भूमिका केली आहे. त्या काळचा अभिनय आजच्या मानाने मोठा, ठसठशीत वाटतो, हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तरुण प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत बिचकत नाहीत.

दुसरी जोडी जिल्ह्यातलीच म्हणता येईल अशी. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ (२०११). दामले-फत्तेलाल यांचा तुकाराम मुंबईत ५७ आठवडे चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. पंढरपूर ज्यांच्यासाठी दोन तासांवर आहे त्यांना त्यातला भाव समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर ‘देऊळ’ पाहिला की गावातल्या साध्या श्रद्धेचं बाजारात काय होतं हे लोक आपणहून बोलायला लागतात. चर्चा रंगणार याची मी खात्री देतो. फक्त ती कुणाच्या श्रद्धेची थट्टा होऊ नये, हे सूत्रधाराने सांभाळायचं.

तिसरी साखळी तीन चित्रपटांची आहे आणि ती मला सगळ्यात प्रिय आहे. १९५२ मध्ये भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला. तिथे विट्टोरियो डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) बिमल रॉय यांनी पाहिला आणि त्याचा ठसा घेऊन ‘दो बिघा जमीन’ (१९५३) केला. रोममधला सायकल हरवलेला बाप आणि कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शेतकरी, दोघांच्याही बरोबर त्यांचा मुलगा आहे. बापाचा अपमान मुलगा पाहतो, ही जागा दोन्हीकडे आहे. आणि मग करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘फॅन्ड्री’ लावा. तिथे पुन्हा बाप आणि मुलगा, पुन्हा चारचौघांतला अपमान. पण इथे त्यामागे जात उभी आहे, आणि मुलगा आता नुसता पाहत राहत नाही. साठ-पासष्ट वर्षांचं अंतर या तीन चित्रपटांत मिटतं. ‘सैराट’ सगळ्यांनी पाहिला आहे. ‘फॅन्ड्री’ या क्रमाने पाहिला की तो वेगळाच दिसतो.

हे कापडाचं गाव आहे, त्यामुळे एक जोडी मागाची हवीच. प्रियदर्शन यांचा तमिळ ‘कांचीवरम’ : रेशमी साड्या विणणारा, आणि आपल्या मुलीला एक रेशमी साडी देता यावी म्हणून झुरणारा विणकर. याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आणि प्रकाश राज यांना अभिनयाचा. त्याच्या जोडीला राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ (२०१६) हा माहितीपट, गुजरातमधल्या एका कापड कारखान्यातला. यात निवेदन नाही. यंत्रांचा आवाज, रंगाच्या हौदांवरून उठणारी वाफ आणि कामगारांचे चेहरे आहेत. यंत्रमागावर बारा तास काढलेल्या माणसाला हा चित्रपट समजावून सांगायला जाऊ नका. त्यालाच चर्चेत पहिल्यांदा बोलू द्या. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे ऐकलेली ज्येष्ठ मंडळी शहरात आहेत, त्यांना खास निमंत्रण द्या.

पूर्व भागासाठी तेलुगू चित्रपट ठेवा, आणि तो नुसता शिष्टाचार म्हणून ठेवू नका. गौतम घोष यांचा ‘मा भूमी’ तेलंगणातल्या शेतकरी लढ्यावर आहे. बी. नरसिंग राव यांचा ‘दासी’ (१९८८) तिथल्याच गढीत राबणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगतो. इथल्या अनेक पद्मशाली कुटुंबांची मुळं तेलंगणात आहेत. आजीकडून ऐकलेला मुलूख त्यांना पडद्यावर दिसेल. कन्नडसाठी गिरीश कासरवल्लींचा ‘घटश्राद्ध’ (१९७७). तो संथ आहे, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत लावू नका. चार-पाच चित्रपट पाहून झालेला प्रेक्षक त्याला पुरा पडतो.

बाईच्या ‘नाही’ म्हणण्याची जोडी म्हणून ‘कुंकू’ (१९३७) आणि जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२). ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही, जो आवाज येतो तो त्या घरातला, घड्याळाचा, ग्रामोफोनचा. हे प्रेक्षकांना आधी सांगितलंत तर ते कान टवकारून पाहतात.

मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी अब्बास कियारोस्तामींचा इराणी चित्रपट ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस’ (१९८७). मित्राची वही चुकून आपल्याकडे आली, ती परत करायला निघालेला मुलगा, बस्स. चित्रपट दीड तासाच्या आत संपतो. त्यानंतरच्या महिन्यात अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. परदेशी चित्रपटाची भीती घालवायची असेल तर सुरुवात इथून करा.

काही गोष्टी पाळाव्यात असं माझं ठाम मत आहे. लागोपाठ तीन दुःखी चित्रपट लावू नका. चौथ्या महिन्यात एक विनोदी मूकपट ठेवा आणि शहरातल्या तबला-पेटीवाल्यांना पडद्याशेजारी बसवून साथ करायला सांगा. पहिल्या सहा महिन्यांत अडीच तासांपेक्षा लांब काही नको. दर चार खेळांत एक तरी गेल्या पाच-सात वर्षांतला असावा, नाहीतर तरुण मुलं तुम्हाला जुन्या आठवणींचं मंडळ समजतील. आणि केवळ पुरस्कार मिळाला म्हणून कोणताही चित्रपट लावू नका. निवडणाऱ्या दोघांनी तो पूर्ण पाहिलेला हवा आणि त्यांपैकी एकाला तरी तो मनापासून आवडलेला हवा.

पायरी ५ : प्रत आणि परवानगी

भारतीय चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे वरच्या यादीतले ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘डॉ. कोटणीस’ आणि ‘दो बिघा जमीन’ त्या मुदतीपलीकडे गेलेले आहेत. तरी प्रत चांगली हवी. इंटरनेटवरची धुरकट, मधूनच कापलेली प्रत लोकांना जुन्या चित्रपटांपासून कायमचं तोडते. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. तिथे लेखी विचारणा करा. परदेशी चित्रपटांसाठी पुण्यातल्याच मॅक्स म्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेज यांच्याकडे चौकशी करावी.

नव्या चित्रपटांसाठी थेट निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला पत्र लिहा. पत्र एका पानाचं असावं : आम्ही कोण, गाव कोणतं, प्रेक्षक अंदाजे किती, प्रवेशशुल्क नाही, तारीख ही, आणि मानधन एवढं देऊ शकतो. आकडा लाजून लपवू नका. माहितीपट करणारे बहुधा उत्तर देतात, कारण पुण्याबाहेर आपलं काम कुणी मागतंय याचं त्यांना अप्रूप असतं. किमान दोन महिने आधी लिहा आणि होकार लेखी घ्या.

पायरी ६ : मराठी सबटायटल्स

इंग्रजी सबटायटल्सच्या भरवशावर इराणी चित्रपट लावलात तर अर्धं सभागृह अर्ध्या तासात उठेल. त्यांना चित्रपट कळत नाही असं नसतं, वाचायला पुरत नाही. म्हणून मराठी सबटायटल्स करा. कष्टाचं काम आहे, पण सोलापूरच्या प्रेक्षकासाठी याहून मोठं काही तुम्ही करू शकणार नाही.

परवानगी मागतानाच भाषांतराचीही मागा. सबटायटलची फाईल ही साधी मजकुराची फाईल असते : क्रमांक, वेळ, ओळ. सबटायटल एडिट नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. फाईल साठवताना अक्षरांची पद्धत (एन्कोडिंग) यूटीएफ-८ निवडा, नाहीतर पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन दिसतील. एका वेळी दोनच ओळी, आणि दोन भरलेल्या ओळींना साधारण सहा सेकंद. जोडाक्षरांचे शब्द वाचायला वेळ घेतात, म्हणून बोलीत आणि थोडक्यात लिहा. तीन भाषांतरकार असतील तर शेवटचा हात एकाचाच फिरू द्या. नाहीतर तोच मुलगा एका दृश्यात आईला ‘तू’ म्हणतो आणि दुसऱ्यात ‘तुम्ही’. पांढऱ्या अक्षराला काळी कड द्या. मग ज्याने चित्रपट पाहिलेला नाही अशा एखाद्याला समोर बसवून पूर्ण चाचणी घ्या.

पायरी ७ : तारीख आणि वेळ

महिन्याचा एक ठरलेला रविवार धरा आणि तो हलवू नका. पण वर्षाचं वेळापत्रक करताना पंचांग जवळ ठेवा. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, तेव्हा सगळं शहर होम मैदानाकडे असतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींची रथयात्रा, कोजागरीला तुळजापूरची पायी वाट, आषाढीला एसटी मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे सहाच्या आधी खेळ नको. एरवी संध्याकाळी पाच बरं. विडी वळणाऱ्या किंवा मागावर जाणाऱ्या बायका यायला हव्या असतील तर त्यांनाच विचारून वेळ ठरवा आणि नऊच्या आत सगळं आटपा.

पायरी ८ : खेळाचा दिवस

दोन तास आधी पोचा. लॅपटॉपचा चार्जर, जोडणीची जादा वायर, चित्रपटाची दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर. लॅपटॉपची झोप आणि सूचना बंद. १९५० च्या आधीचे बहुतेक चित्रपट जवळपास चौकोनी असतात. ते ताणून पूर्ण पडद्यावर पसरले की सगळे कलाकार जाडे दिसतात. कडेला काळे पट्टे राहू द्या आणि ते का आहेत ते लोकांना सांगा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर निदान एक दिवा हवा; वीज आली की दोन मिनिटं मागे जाऊन सुरू करा.

ठरलेल्या वेळी सुरू करा, प्रमुख पाहुणे आलेले नसले तरी. प्रस्तावना पाच मिनिटांची. कथा सांगायची नाही. काय ऐकायचं, काय पाहायचं यातली एक-दोन सूत्रं द्यायची. सत्कार, हारतुरे, दीपप्रज्वलन यांना फाटा दिलात तर प्रेक्षक दुवा देतील.

चित्रपट संपला की नामावली पूर्ण जाऊ द्या, मग दिवे हळूहळू लावा. चहा आधी, चर्चा नंतर. ज्यांना घरी जायचंय त्यांना त्या दहा मिनिटांत संकोच न वाटता जाता येतं. खुर्च्या गोलात घ्या. ‘कसा वाटला?’ विचारलं की ‘छान’ एवढंच मिळतं. ‘कोणतं दृश्य अजून डोळ्यासमोर आहे?’ असं विचारा. ज्याने कधी भाषण केलेलं नाही तोही याचं उत्तर देतो, आणि दृश्यावरून बोलणं आपोआप चित्रपटाच्या पोटात शिरतं. तेलुगू किंवा कन्नड चित्रपट असेल तर त्या भाषेतही बोलू द्या, कुणीतरी मराठीत सांगेल. पंचवीस मिनिटांत थांबवा.

दारापाशी एक वही ठेवा. पुढे काय पाहायला आवडेल, आज काय ऐकू आलं नाही, कुठे खुर्ची मोडकी होती, जे सुचेल ते लोकांना लिहू द्या. दर तीन महिन्यांनी निवड करणाऱ्या दोघांनी ती वही घेऊन बसावं आणि पुढच्या तिमाहीची पत्रं त्याच दिवशी टाकावीत.